हुकूम कुठे अडला?

‘भाऊ, आवाज येते, पण हवा नाई येत.’

एप्रिल लागला की तेल्हाऱ्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. सांगणारा घाईत असतो. घरी म्हातारं माणूस असतं, नाहीतर बाळंतीण. दुकानातला पोरगा त्याहून घाईत असतो. तो म्हणतो, ‘मोटर गेली, बदलून टाका.’ ग्राहक दीड-दोन हजार रुपये मोजतो आणि नवी मोटर घेऊन उन्हातून घरी जातो. काढून टाकलेली जुनी मोटर पुष्कळदा धडधाकट असते.

त्या एका वाक्यात ग्राहकाने अर्धं निदान सांगून टाकलेलं असतं. आवाज येतो, म्हणजे वीज मोटरच्या वाइंडिंगपर्यंत पोचली आहे. बोर्ड, पिन, वायर, स्विच यांच्याकडे पाहायची गरज उरली नाही. हवा येत नाही, म्हणजे मोटरला सुरू होताना लागणारा झटका मिळत नाही, किंवा तिचा दांडा अडकला आहे. झटका देतो तो कॅपॅसिटर. आमच्याकडचे कारागीर त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात, आणि तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. दांडा अडकतो तो बुश सुकल्यामुळे, आणि तिथे कित्येकदा दोन थेंब तेलात काम भागतं. वीज बंद करून पातं हाताने फिरवून पाहिलं तर दोन्हींतलं काय ते अर्ध्या मिनिटात कळतं. सहज फिरलं तर कंडेन्सर पाहा, जड गेलं तर बुश पाहा. एवढं अर्धं मिनिट कोणी थांबत नाही, म्हणून ही पुस्तिका लिहावी लागली.

पुस्तिकेचा विषय थर्मोस्टॅटपासून ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, मोटरपर्यंतचा रस्ता आणि त्या रस्त्यावर होणारे बिघाड हा आहे. हस्तलिखित वाचून एका मित्राने विचारलं, ‘तेल्हाऱ्यात थर्मोस्टॅट कोणाकडे आहे? लोखंडी कूलर, त्याला एक पंख्याचा स्विच, एक पंपाचा. संपलं.’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की थर्मोस्टॅट आमच्याकडे पहिल्यापासून आहे, फक्त तो माणसाच्या रूपात आहे. पहाटे चारच्या सुमाराला गारवा वाढतो, तेव्हा घरातली आजी अंथरुणातून उठून पंपाचा स्विच बंद करते आणि पंखा एकवर आणते. तिच्या अंगाला कळतं, हात स्विचकडे जातो, पंखा मंदावतो. जाणीव, हुकूम आणि काम अशा या तीन पायऱ्या आहेत. यंत्रातल्या थर्मोस्टॅटलाही याहून वेगळं काही करायचं नसतं. फरक एवढाच की आजीचा हुकूम तिच्याच हाताने पुरा होतो. यंत्रात हुकूम देणारा एकीकडे, काम करणारा दुसरीकडे, आणि मध्ये वायर, रिले, फ्यूज, बोर्ड असे सात-आठ हात असतात. बिघाड बहुतेक वेळा या मधल्या हातांत होतो.

शिकाऊ मुलांना हे शिकवताना मी जुन्या गावगाड्याचं उदाहरण घेतो. पाटील हुकूम देतो, कोतवाल तो गावभर पोचवतो, आणि गडी काम करतो. काम झालं नाही तर कोणाला विचारायचं? गड्याला मारून उपयोग नाही. हुकूम निघाला होता का, हे आधी पाटलाला विचारा. मग कोतवालाकडे जा. मग गड्याकडे. थर्मोस्टॅट हा पाटील, रिले हा कोतवाल, मोटर हा गडी. रिलेचं काम कोतवालासारखंच आहे. थर्मोस्टॅटचा अंगाने बारीक, 24 व्होल्टचा करंट त्याच्या गुंडाळीत शिरतो, गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं, आणि त्या पट्टीतून मोटरला लागणारा जाड करंट वाहतो. पाटील स्वतः ओझं उचलत नाही. त्याच्या शब्दावर उचललं जातं. शिकाऊ मुलाला एवढं चित्र पक्कं बसलं की तो मोटरवर एकदम झडप घालत नाही.

आमच्या भागात हे काम जिव्हाळ्याचं का आहे, तेही सांगतो. मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर राहिला आणि जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसत्या उन्हासाठी जमावबंदीचं कलम. कामगारांना पाणी आणि सावली द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. त्या आठवड्यात कूलरची मोटर बसणं ही गैरसोय राहत नाही. वऱ्हाडातली पत्र्याची घरं दुपारी तव्यासारखी तापतात, आणि आत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाचवणारी वस्तू म्हणजे तो एक पंखा आणि ओल्या ताट्या.

त्या ताट्या काय करतात हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जी उष्णता उचलतं ती सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी भरते. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो. मुंबई-कोकणाकडे हे जमत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली असते. आमच्या कोरड्या हवेची ही एक देणगी आहे. पण मृगाचे दोन पाऊस पडले की तीच ताटी घर दमट करून सोडते, चादरी चिकट होतात, आणि तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा असतो. हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. आता बाजारात आलेल्या काही मोठ्या डक्ट कूलरांत हा निर्णय थर्मोस्टॅट किंवा आर्द्रता मोजणारं उपकरण घेतं. मंगल कार्यालयांच्या छतावर असे कूलर दिसू लागले आहेत. स्प्लिट एसी तालुक्याच्या गावातही पोचला आहे. हुकूम देणारं यंत्र आणि राबणारं यंत्र वेगळं झालं, तसा आमच्या कारागिरांच्या अडचणींचा प्रकारही बदलला.

मी स्वतः हे चुकत चुकत शिकलो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका घरी कूलर बंद म्हणून बोलावणं आलं. पंखा फिरत नव्हता, आवाजही नव्हता. टेस्टर लावला, लागला. म्हणजे करंट येतोय, म्हणजे मोटर जळाली, असा माझा हिशोब. मोटर काढली, दुकानातून नवी आणली, बसवली. तीही फिरेना. मग नवीच मोटर खराब निघाली असं धरून ती परत करून दुसरी आणली. तीही फिरेना. त्या घरातल्या बाई दोन तास उंबऱ्यात बसून होत्या, मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. शेवटी एक म्हातारे वायरमन आले, त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला, एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला लावलं. बल्ब लागला नाही. तेच दुसरं टोक त्यांनी अर्थिंगच्या वायरीला लावलं, बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रल तुटली होती. पाण्याच्या शिंतोड्यांनी तिचं टोक गंजून पावडर झालं होतं. टेस्टर फक्त करंट आलाय एवढंच सांगतो. तो परत जायला रस्ता आहे की नाही, हे सांगत नाही. त्या दिवशी त्या घराचा पैसा आणि दोन तास मी वाया घालवले. पोराचा ताप आठवला की आजही मला वाईट वाटतं. पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात टेस्टरऐवजी टेस्ट लॅम्प आणि मीटर का वापरायचं हे आलं आहे, त्याचं कारण हा प्रसंग.

मीटरबद्दलही इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शिकाऊ मुलं हमखास तिथे अडखळतात. मीटरवर शून्य दिसलं की त्यांना वाटतं, बिघाड सापडला. उघड्या स्विचच्या दोन टोकांवर मीटर धरा: पूर्ण व्होल्टेज दिसेल. तोच स्विच बंद करून, म्हणजे जोडून, पुन्हा धरा: शून्य. दोन्ही वेळा स्विच उत्तम आहे. थर्मोस्टॅट हाही मुळात एक स्विच आहे. त्याच्या दोन टोकांवर 24 व्होल्ट दिसत असतील, तर तो हुकूम देत नाही. शून्य दिसत असेल आणि बाकी सर्किटला वीज असेल, तर तो हुकूम देतो आहे. कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजतो आणि त्या घडीला तिथे काय दिसायला हवं, याचं उत्तर मनात तयार नसेल तर मीटरचा आकडा फसवतो. म्हणून मी मुलांना सांगतो, आधी अंदाज पाटीवर लिहा, मग मीटर लावा. अंदाज चुकला तर तिथेच थांबून का चुकला ते शोधा. असं महिनाभर केलं की हात आपोआप बरोबर ठिकाणी जातो.

याची दुसरी बाजूही आहे. आजचे डिजिटल मीटर इतके हळवे असतात की तुटलेल्या वायरीतही शेजारच्या वायरीच्या सहवासाने उमटलेलं व्होल्टेज ते दाखवतात. मीटर म्हणतं 90 व्होल्ट, आणि बल्ब लावला की काहीच नाही. भुताटकी वाटावी असा हा प्रकार आहे. अशा वेळी त्या म्हाताऱ्या वायरमनचा बल्ब महागड्या मीटरपेक्षा खरं बोलतो, कारण तो प्रत्यक्ष काम करून दाखवतो.

थर्मोस्टॅटचा जन्म कसा झाला हे कळलं तर हा सगळा विचार सोपा जातो. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की तापल्यावर त्या कमी-जास्त वाढतात आणि जोडपट्टी वाकते. स्कॉटलंडचे अँड्र्यू यूर यांनी या वाकण्यावर चालणाऱ्या उपकरणाचं पेटंट 1830 मध्ये घेतलं. थर्मोस्टॅट हे नाव त्यांनीच दिलं. पण विजेचा हुकूम पाठवणारा खोलीतला थर्मोस्टॅट आला तो शाळेतून. अमेरिकेतल्या व्हाइटवॉटर गावच्या शिक्षक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत. तिथला शिपाई दर तासाला वर्गावर्गात शिरून तापमान पाही आणि खाली तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवी. शिकवणं मोडायचं. जॉन्सन यांनी वर्गात अशी युक्ती बसवली की थंडी वाढली की तळघरात घंटा वाजे. त्याचं पेटंट त्यांनी 1883 मध्ये घेतलं. म्हणजे पहिल्या विद्युत थर्मोस्टॅटने मोटरला नव्हे, माणसाला हुकूम दिला! घंटा वाजली, शिपाई उठला, झडप हलली. दोनच वर्षांनी आल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप हलवणारी यंत्रणा केली आणि शिपायाला उठावं लागेना. मला या इतिहासातली घंटा फार आवडते. वर्गात मी मुलांना विचारतो, ‘तुमच्या सर्किटमध्ये घंटा वाजली का? ती ऐकणारा जागा होता का? तो उठून गेला का?’ या तीन प्रश्नांत सगळा विषय येतो.

पुस्तिकेचा मधला मोठा भाग थंड देशांतल्या घरच्या भट्टीवर, तिकडच्या भाषेत फर्नेसवर आहे. तेल्हाऱ्याच्या पुस्तिकेत त्याची जागा कशी, असं कोणी म्हणेल. अकोट, तेल्हारा, हिवरखेडची मुलं आता शिकागोत, टोरांटोत, न्यू जर्सीत राहतात. जानेवारीत तिकडे पारा कधी कधी उणे 15-20 वर उतरतो आणि भट्टीचा पंखा फिरेना झाला की घर काही तासांत गारठतं. आणखी वेळ गेला तर नळांतलं पाणी गोठून नळ फुटतात. तिकडे मेकॅनिक बोलावणं खर्चाचं, आणि बर्फाच्या वादळात तो लवकर येतही नाही. रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल येतो, ‘काका, भट्टी सुरू आहे असं थर्मोस्टॅट म्हणते, पण जाळीतून वाराच नाही.’ मला हा प्रश्न नवा वाटला नाही. आवाज येते, हवा नाई येत, याचंच ते थंडीतलं रूप.

म्हणून त्या भट्टीचा हुकूम कसा चालतो ते इथे थोडं सविस्तर सांगतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बहुधा पाच वायरी जातात आणि प्रत्येकीला अक्षराचं नाव असतं. आर ही 24 व्होल्टची येणारी वायर. सी ही परतीची. डब्ल्यू म्हणजे उष्णता हवी, वाय म्हणजे गारवा हवा, जी म्हणजे नुसता पंखा हवा. थर्मोस्टॅट आरला यांपैकी एकीशी जोडतो, एवढाच त्याचा हुकूम. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. थंडीत डब्ल्यूचा हुकूम निघाला म्हणजे पंखा लगेच फिरत नाही. हुकूम भट्टीतल्या बोर्डाकडे जातो. बोर्ड आधी धूर ओढणारा छोटा पंखा चालू करतो, तो खरंच ओढतो आहे का हे दाबाच्या स्विचवरून पाहतो, मग पेटवणारी कांडी लाल करतो, गॅस सोडतो, ज्योत लागल्याची खात्री करतो, आणि मग अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू करतो, म्हणजे घरात आधी गार वारा येत नाही. यातली एक पायरी हुकली की ब्लोअर गप्प राहतो, आणि त्यात मोटरचा काही दोष नसतो.

त्यामुळे पहिली परीक्षा घरबसल्या करायची: थर्मोस्टॅटवर पंख्याचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर न्या. आता हुकूम जीच्या वायरीने जातो, मधल्या गॅसच्या पायऱ्या लागत नाहीत. पंखा फिरला, तर मोटर, तिचा कंडेन्सर आणि तिचा रिले बहुतेक ठीक आहेत, आणि शोध गॅसच्या बाजूला घ्यायचा. पंखा फिरला नाही, तर आधी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या पाहा. मग भट्टीचं खालचं दार नीट बसलं आहे का पाहा. त्या दाराच्या मागे एक छोटा खटका असतो. दार जरा तिरकं राहिलं तरी सगळी भट्टी मुकी होते. फिल्टर बदलून दार लावताना हे फार वेळा घडतं. त्यानंतर बोर्डावरचा फ्यूज पाहा. तो मोटारगाडीतल्यासारखा चपट्या पायांचा, 3 किंवा 5 अँपिअरचा असतो. कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली की तो जातो, आणि त्याच्याबरोबर सगळा हुकूमच बंद होतो.

हे सगळं ठीक असेल तर मीटर काढायचं. बोर्डावर सी आणि जी यांच्यात 24 व्होल्ट आहेत का? असतील, तर पाटलाचा हुकूम दारापर्यंत आला आहे. कोतवाल किंवा गडी दोषी. नसतील, तर थर्मोस्टॅटपाशी वीज बंद करून आर आणि जी वायरीच्या तुकड्याने जोडा, मग वीज चालू करा. पंखा फिरला तर थर्मोस्टॅट खराब. फिरला नाही तर भिंतीतली वायर उंदराने किंवा खिळ्याने तोडली असेल. एका मुलाच्या घरी तस्बीर टांगायला ठोकलेला खिळाच गुन्हेगार निघाला. मी तेल्हाऱ्यात बसून आणि त्याने तिकडे मीटर धरून तो पाऊण तासात शोधला. त्या रात्री त्याच्या आईने मला फोनवर दिलेला आशीर्वाद मी जपून ठेवला आहे.

उलटा बिघाडही असतो: पंखा थांबतच नाही. तेव्हा आधी फिल्टर पाहा. फिल्टर धुळीने बुजला की भट्टीतली उष्णता बाहेर पडत नाही, आत ताप वाढतो, सुरक्षेचा स्विच गॅस तोडतो आणि बोर्ड ब्लोअर तसाच चालू ठेवतो, भट्टी निवावी म्हणून. घरातल्यांना वाटतं पंखा बिघडला. खरं तर पंखा भट्टीला वाचवत असतो. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो. गॅसच्या नळीला, ज्योतीला, धुराच्या वाटेला घरच्या माणसाने हात लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो झोपेतच माणूस नेतो. तिथे परवानाधारक मेकॅनिकच हवा, मग तो कितीही महाग असो.

भट्टी आणि पंखा यांचं हे नातं परक्या देशातलंच आहे असं मात्र समजू नये. आमच्याच अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, 250 मेगावॅटचे दोन संच. कोळशाच्या अशा बॉयलरला हवा फुंकणारे आणि धूर ओढणारे अजस्र पंखे असतात. ते पंखे चालू असल्याचा संकेत आल्याशिवाय बॉयलर पेटवू दिला जात नाही, आणि धूर ओढणारे पंखे बंद पडले तर जाळ आपोआप तोडला जातो. तेल्हाऱ्यातल्या कूलरला जी वीज लागते तिच्या मुळाशी हीच साखळी आहे. पेटण्याआधी पंखा, हा नियम शिकागोच्या तळघरात आणि पारसच्या बॉयलरमध्ये एकच.

कोंबडीपालन करणाऱ्यांसाठी एक छोटं प्रकरण मुद्दाम घातलं आहे. एका दिवसाच्या पिलाला 32 ते 35 अंशांची ऊब लागते, आणि मोठी कोंबडी पारा तिशीच्या वर गेला की धापा टाकू लागते. बंद शेडमध्ये पंखे थर्मोस्टॅटवर लागोपाठ सुरू होतात. मे महिन्यातल्या दुपारी एका थर्मोस्टॅटची पट्टी चिकटली आणि पंखा सुरूच झाला नाही, तर मालक जेवून येईपर्यंत शेड ओस पडू शकते. अशा ठिकाणी एकाच पाटलावर गाव सोपवू नये. दुसरा थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वर लावून ठेवावा आणि त्याला पंख्याबरोबर घंटाही जोडावी. जॉन्सन यांची घंटा इथे अजून कामाची आहे.

आता आमच्या मातीचे दोन खास शत्रू. पहिला खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून अधिक पसरला आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आणि वान धरणाचं गोड पाणी. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. तेच पाणी कूलरमध्ये पडतं. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. ताटीवर पांढरी खपली धरते, हवा अडते, पंपाची जाळी बुजते, आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढतो. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं, आतून जोड सुटलेला असतो. दक्षिणेकडच्या गावातून आलेल्या कूलरचे जोड मी आधी घासतो आणि मगच मीटर काढतो. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकणं हा त्यावर सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा शत्रू व्होल्टेज. सगळं गाव एकदम कूलर लावतं तेव्हा डीपीच्या टोकाच्या घरात 180 व्होल्टच पोचतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 ऐवजी 180 आले, तर जोर सुमारे 61 टक्केच उरतो. जरा सुकलेला बुश किंवा थोडा उतरलेला कंडेन्सर सकाळी खपून जातो आणि रात्री नऊला मोटर नुसती गुणगुणत बसते. गुणगुणत ठेवलेली मोटर जळते. म्हणून ‘बिघाड कोणत्या वेळेला होतो?’ हा प्रश्न ग्राहकाला विचारायलाच हवा.

शेवटचं प्रकरण शॉकवर आहे, आणि ते लिहिताना माझा हात जड झाला. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. बहुतेक वेळा पाणी भरणारी बाई असते, नाहीतर अनवाणी खेळणारं लेकरू. पंपाचं वाइंडिंग पाण्यात गळतं, लोखंडी अंगात वीज उतरते, अर्थिंग नसतं किंवा दाखवायला नुसती पिन असते, फरशी ओली असते. पंखा मात्र छान फिरत असतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. हुकूम पंख्यापर्यंत पोचणं पुरेसं नाही. तो वाटेत कोणाच्या अंगात शिरता कामा नये. घरात वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला एका मोटरपेक्षा फार जास्त खर्च येत नाही. कूलर दुरुस्त करून दिला आणि अर्थिंग तपासलं नाही, तर ते काम अर्धवट सोडलं असं मी मानतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

पुस्तिकेत चुका राहिल्या असतील, तर वाचणाऱ्या कारागिरांनी त्या जरूर कळवाव्यात. प्रत्येक पानाशेजारी कोरी जागा ठेवली आहे. तुम्हाला सापडलेला बिघाड, तो कोणत्या गावात, कोणत्या वेळेला आणि कोणत्या पायरीवर सापडला ते तिथे लिहा. पुढच्या उन्हाळ्याआधी नवी आवृत्ती काढताना तुमच्या नोंदी मला लागतील. आणि पुस्तक उघडून कूलरशी बसण्याआधी एवढं करा: स्विच बंद, पिन बाहेर, पायात चप्पल.

तेल्हारा,
अक्षय्य तृतीया